न बसवलेलं इंजिन

आमच्या जीपमध्ये जे डिझेल इंजिन कधी बसलंच नाही, त्याचं ऋण माझ्यावर आहे. ते बसवून घ्यायला मी ज्यांच्याकडे गेले, ते मिस्त्रीमामा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गॅरेज चालवायचे. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांनी आमची जी कामं केली त्यांचे पैसे आधी वडिलांनी दिले, पुढं मी दिले. तो हिशेब चुकता आहे. पण दारात चालून आलेलं एक मोठं काम त्यांनी माझ्या भल्यासाठी सोडून दिलं, आणि त्याबद्दल त्यांना काय द्यायचं हे मला तेव्हाही सुचलं नाही. ते काम काय होतं आणि मामांनी ते का सोडलं, एवढं तरी नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात आहे.

जीप महिंद्राची, सीजे-३बी. वडील साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते. ऊसनोंदीला, तोडीच्या पाहणीला ते जिच्यातून गावोगाव फिरले, तीच जीप कारखान्यानं लिलावात काढली तेव्हा त्यांनी घेतली. विलीज कंपनीची ही जीप अमेरिकेत १९५३ साली आली आणि १९६८ साली तिकडं बंद झाली. महिंद्रांनी ती आपल्याकडं त्यानंतरही बरीच वर्षं बनवली. तिचं बॉनेट आधीच्या जीपांपेक्षा उंच आहे, आणि त्याचं कारण तिचं इंजिन. हरिकेन नावाच्या या २,२०० सीसीच्या पेट्रोल इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्याआधीच्या इंजिनात दोन्ही खालीच असत. अर्धे व्हॉल्व्ह वर गेले, इंजिन उंच झालं आणि ते मावावं म्हणून बॉनेट उचलावं लागलं. मामा म्हणायचे, “हिचं नाक वर हाय ते या इंजनापायी. आधी इंजान, मंग गाडी.”

मामा मुळात डिझेलचे. मळ्यामळ्यांत विजेची मोटर पोचण्याआधी पंचगंगेच्या काठानं विहिरींवर तेलाची इंजिनं चालत. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली उभी राहिली, आणि कोल्हापुरात तर इंजिनं दुरुस्त करता करता ती बनवणारेही कारागीर तयार झाले. उद्यमनगरातल्या फाउंड्र्या आणि लेथ यांच्या आसऱ्यानं जी एक पिढी शिकली, तिच्यातले मामा. अशाच एका शेडवर ते हाताखालचा पोरगा म्हणून लागले आणि पंप, नोझल, लाइनर यांत त्यांचा हात बसला. आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचं डिझेल इंजिन काढून अँबेसिडरमध्ये, नाही तर जीपमध्ये बसवायचं, हे काम त्या काळी जोरात चाले आणि त्यासाठी लोक मामांना शोधत येत. वडिलांबरोबर मी लहानपणी शेडवर जायची तेव्हा साखळीला टांगलेलं एखादं इंजिन हमखास दिसायचं. वडिलांना ते ‘साहेब’ म्हणत, मला ‘पोरी’. मी मोठी झाले तरी ते बदललं नाही.

वडील गेले आणि जीप माझ्याकडे आली. आमची जमीन गगनबावडा तालुक्यात, कुंभीच्या खोऱ्यात. भात, नाचणी, वरच्या अंगाला थोडे काजू. साळवण, असळजपर्यंत डांबरी रस्ता. तिथून आत वळलं की जांभ्याची वाट आणि वाटेत ओढे. कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यांत जास्त पाऊस पडतो तो या पट्ट्यात. पावसाळ्यात शेताच्या वाटेला जीपशिवाय दुसरं चाक लागत नाही.

२०१३ च्या पावसाळ्यात जीप सारखी ओढ्यात बंद पडायला लागली. पेट्रोल ऐंशीच्या आसपास, डिझेल साठच्या आत. जीप लिटरला आठ किलोमीटरच्या वर जात नव्हती. जो भेटेल तो म्हणायचा, डिझेल टाका. डिझेलला ठिणगीच लागत नाही, मग भिजणार काय? मलाही ते पटलेलं. त्यातच एका भंगारवाल्याकडे मोडीत निघालेल्या एमएम-५४० जीपचं इंजिन असल्याचं कळलं. ते प्युजो एक्सडीपी ४.९०. महिंद्रांनी १९७९ साली फ्रान्सच्या प्युजो कंपनीकडून त्याचा परवाना घेतला आणि पुढं ते इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागलं. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४.९०. गाडी महिंद्राची, इंजिनही महिंद्राच्याच जीपचं, यापेक्षा चांगली सोय कुठली, असं म्हणून मी मामांना घेऊन ते बघायला गेले.

मामांनी बेल्टची पुली हातानं फिरवून बघितली, ऑइल कॅप काढून वास घेतला, इंजेक्शन पंपाची सीलं तपासली. म्हणाले, “इंजान चांगलं हाय. हेच्यात खोड न्हाई.” मला वाटलं, ठरलं. परत येताना ते गप्प होते. शेडवर आल्यावर म्हणाले, “घिऊया, न्हाई असं न्हाई. पर आधी मापं काडू. गाडी उद्या हितं आणून लाव.”

पुढचे काही दिवस मी रोज शेडवर होते. मामांनी मला बघायला बसवलं नाही, हातात फूटपट्टी, ओळंबा आणि वही दिली. बॉनेटच्या आतली उंची, रेडिएटरपासून फायरवॉलपर्यंतची लांबी, चासीच्या दोन लांबणांमधलं अंतर, हे सगळं मी मोजलं. मग भंगारवाल्याकडं जाऊन त्या इंजिनाचंही तेच. इंजिन मावत होतं. उंच बॉनेटचा इथं फायदा होता. पण त्याचं ऑइल चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगच्या फार जवळ येत होतं. खड्ड्यात पाटे पूर्ण दबले तर हाऊसिंग वर येऊन चेंबरला ठोकणार. म्हणजे चेंबर कापून नव्यानं जोडायचं, नाही तर इंजिन मागं सरकवायचं, आणि मागं सरकवलं की गिअरबॉक्सही मागं आणि दोन्ही शाफ्ट नव्या लांबीचे.

मग वजनाची पाळी आली. डिझेलमध्ये हवा इतकी दाबावी लागते की त्या दाबानं तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. त्यामुळे ब्लॉक, हेड, क्रँक सगळं दणकट आणि जड. पुढच्या पाट्यांवर त्याचा काय परिणाम होईल हे मामांनी तोंडी सांगितलं नाही. शेडवरच्या दोन पोरांना पुढच्या बंपरवर उभं केलं आणि मला गाडीखाली घातलं. हाऊसिंग आणि चासीचं रबर यांच्यातलं अंतर मी पोरं चढायच्या आधी मोजलेलं होतंच. आता परत मोजलं. पट्टीवर चांगली दोन बोटं कमी झाली होती. मामा वरून वाकून म्हणाले, “इंजान बंपराच्या मागं बसतंय, तवा एवढं दबणार न्हाई. पर तुझ्या चिखलात नाक कुठं जाणार, ते बघून ठेव.” पुढच्या पाट्यांत आणखी एकेक पान घालता येतं, पण मग पुढची बाजू ताठ होते, खडकाळ वाटेवर चाक जमीन सोडतं आणि स्टिअरिंग जड होतं. हे सगळं त्यांनी मला जमिनीवर उताणी असतानाच समजावलं, आणि म्हणूनच ते डोक्यात पक्कं बसलं.

शेजारच्या शेडवाल्यानं सुचवलं, प्युजो कशाला, ट्रॅक्टरचं इंजिन टाका, स्वस्तात होईल. मामांनी मला गणित घालायला लावलं. जीपच्या हाऊसिंगमधला रेशो ५.३८, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाक एकदा फिरायला इंजिनाला जवळजवळ साडेपाच फेरे घ्यावे लागतात. आमचे टायर ६.००-१६ चे, एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर असेल तर गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर. ट्रॅक्टरचं इंजिन तेवढ्यातच दमायला लागतं. कोल्हापूरपासून शेतापर्यंत सगळी वाट ते इंजिन ओरडत जाणार. प्युजोची ती अडचण नव्हती, ते ४,५०० पर्यंत जातं. पण एकाला लागू पडलं म्हणून दुसऱ्याला लागू पडत नाही, हे मी त्या गणितातून शिकले.

ताकदीचं गणित मात्र मला हलवून गेलं. डिझेल म्हणजे ओढ, हे आपल्याकडं गृहीतच धरलेलं असतं. दोन्ही इंजिनांचे आकडे मी मिळवले आणि वहीत शेजारी शेजारी लिहिले. प्युजो ६२ अश्वशक्तीचं, हरिकेन सत्तरीच्या वरचं. फिरवण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो प्युजोचा १२ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास आणि हरिकेनचा जवळजवळ १६. अमेरिकी आकडे त्या काळी पंखा, सायलेन्सर यांचा भार न धरता देत, म्हणून ते थोडे फुगलेले धरायला हवेत. तरी चढावर नवीन इंजिन जुन्यापेक्षा जास्त ओढेल ही आशा त्यात टिकत नव्हती. मामांना या आकड्यांचं नवल वाटलं नाही. म्हणाले, “मॅटाडोरचं टाकलं असतं तर थोडी ओढ जास्त मिळाली असती, वजनबी जास्त. डिझेल तेल कमी पितंय, हे खरं. पर म्हणून ते जास्त ओढतंय असं धरू नगंस.”

मग पैसे. इंजिन, पंपाचं कॅलिब्रेशन, नोझल, रेडिएटर, फाउंडेशन, क्लच, शाफ्ट, पाटे, वायरिंग: मामांनी एक एक बाब सांगितली, मी लिहिली. बेरीज लाखाच्या घरात गेली, आणि त्यात त्यांची मजुरी मोठी होती. ती त्यांनी कमी करून सांगितली नाही. लिटरला आठवरून बारा किलोमीटर झाले तर त्या वेळच्या भावानं किलोमीटरमागं पाच रुपये वाचत होते. माझी जीप वर्षाला अडीच हजार किलोमीटर जेमतेम चालते. म्हणजे वर्षाला साडेबारा हजार, आणि लाख फिटायला आठ वर्षं. त्यातही सरकारनं त्या जानेवारीपासून डिझेलचा भाव महिन्याला पन्नास पैशांच्या आसपास वाढवायला मुभा दिली होती. मामांनी विचारलं, “दोन्ही एकाच भावाला आली तर?” मी परत मांडणी केली. वाचणारे पाच रुपये सव्वातीनवर आले, आठ वर्षांची बारा झाली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, डिझेलचा भाव बाजारावर सोडला गेला आणि त्यांची शंका पोकळ नव्हती हे कळलं.

हेच गणित दुसऱ्याच्या बाबतीत उलटं येत होतं. आजऱ्याकडचे एक दूधवाले मामांकडं यायचे. त्यांची जीप वर्षाला वीसेक हजार किलोमीटर चालायची, रोज भरलेली. मामांनी त्यांना स्वतः डिझेल टाकून दिलं होतं आणि वर्षभरात त्याचे पैसे वसूल झाले होते. मामा डिझेलच्या विरुद्ध कधीच नव्हते. गाडी कुणाची आहे आणि तिला दिवसभर काय करायचं आहे, हे ते आधी बघायचे.

कागदांच्या बाबतीत ते फार कडक होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या मूळ तपशिलात बदल करायचा तर आरटीओची परवानगी आधी लागते. आमच्या पुस्तकात इंधन ‘पेट्रोल’ आणि इंजिन नंबर हरिकेनचा. परवानगी न घेता इंजिन बदललं आणि उद्या घाटात काही झालं, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. “कागूद आधी, पाना मागनं,” असं ते प्रत्येकाला सांगायचे. यापायी परत गेलेली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत.

इतकं सगळं झाल्यावर त्यांनी मला जे विचारलं ते त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर मला त्याचं महत्त्व कळलं नसतं. “पोरी, तुझी अडचण इंजान हाय का वढा?”

अडचण ओढाच होती. जीप चढावर दमत नव्हती, गरम होत नव्हती, चिखलात ताकदीला कमी पडत नव्हती. पाणी पंख्याला लागलं की पंखा ते मागं भिरकावायचा, ते डेल्कोवर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर, आणि कॉइलवर उडायचं आणि ठिणगी मरायची. एवढ्यासाठी मी सबंध इंजिन उपटून काढायला निघाले होते.

मामांनी कॉइल काढून फायरवॉलवर उंचावर बसवली. प्लगच्या वायरी नव्या टाकल्या आणि त्यांच्या टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले. डेल्कोच्या झाकणाच्या कडेनं ग्रीस भरलं आणि त्यावर रबराची टोपी घातली. खोल पाण्यात शिरण्याआधी पुढच्या जाळीवर गोणपाट बांधायचं आणि पंख्याचा बेल्ट उतरवायचा, हे मला करून दाखवलं आणि मग माझ्याकडून करून घेतलं. त्यानंतर म्हणाले, “आता इंजान उघडू. म्हातारं झालंय, पर मेलं न्हाई.”

हेड उतरलं. खालचे, ब्लॉकमधले व्हॉल्व्ह घासायचं काम त्यांनी मला दिलं. जागा अडचणीची, मान वाकडी करून हात आत घालावा लागतो. व्हॉल्व्हच्या कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची, रबराच्या चकतीची काठी त्यावर दाबून चिकटवायची आणि ती दोन तळव्यांत धरून पुढं-मागं फिरवायची. सुरुवातीला वाळू रगडल्यासारखा कर्कश आवाज येतो. हळूहळू तो बारीक होत जातो, आणि मग हाताला काठी सुळसुळीत लागते. पुसून बघितलं की कडेभोवती करड्या रंगाचं कडं दिसतं. ते कुठं तुटक असेल तर परत पेस्ट लावायची. मामा शेजारी उभे राहून दिव्याच्या उजेडात ते कडं बघायचे आणि बोट ठेवून सांगायचे, “हितं ऱ्हायलंय.” शेवटी पोर्टमध्ये रॉकेल ओतून व्हॉल्व्हवर कुठं पाझरतंय का ते पाहिलं. पाझरलं नाही. मामा माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, “साहेबांनी बघाया पायजे हुतं.”

काम झाल्यावर बिल मागितलं. त्यांनी हेडचं काम, वायरी, किट एवढंच लावलं. मापं काढण्यात, गणितं घालण्यात, भंगारवाल्याकडच्या खेपांत त्यांचा जो वेळ गेला त्याचं त्यात काहीच नव्हतं. मी म्हटलं, मामा, त्याचंही लावा. ते म्हणाले, “न बसवलेल्या इंजनाचं बिल कसं करू?”

बऱ्याच वर्षांनी, मामा गेल्यावर, त्यांच्या मुलानं मला सांगितलं की त्या पावसाळ्यात शेडवर कामच नव्हतं. नवीन गाड्यांचे पंप कॉम्प्युटरवर चालणारे. त्या गाड्या कंपनीच्याच वर्कशॉपला जातात. जुन्या गाड्या कमी होत चालल्या होत्या. माझ्या जीपच्या कामानं त्यांचे दोन महिने निघाले असते. मी स्वतःच डिझेल मागत होते. मामांनी नुसतं ‘बरं’ म्हटलं असतं तरी कुणी त्यांना बोल लावला नसता. इंजिन चाललंही असतं, कारण त्यांच्या हातचं काम वाया जात नसे. हे कळल्यापासून त्या ऋणाचं वजन मला जास्त जाणवतं. आपल्या घरात काम नाही, समोरचं माणूस पैसे घेऊन उभं आहे, आणि तरीही त्याच्या हातात फूटपट्टी देऊन त्यालाच खरं काय ते मोजायला लावायचं, याला फार मोठं मन लागतं.

अलीकडं हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते आमच्याच भागातल्या उसापासूनही होतं. ज्या उसाच्या नोंदी घ्यायला ही जीप आयुष्यभर फिरली, तोच ऊस आता तिच्या टाकीत उतरतो. पण इथेनॉल जुन्या रबराला आणि कॉर्कच्या पॅकिंगला सोसत नाही, ओल धरतं, आणि लिटरमागं त्यात पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. लोक परत म्हणायला लागले, डिझेल टाका.

मी ती वही काढली आणि मामांच्या क्रमानं सगळं पुन्हा मांडलं. वजन तेच, चेंबर तेच. प्युजोचे सुटे भाग आता शोधावे लागतात. कायदा आणखी आवळला गेलाय: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. शेवटी मामांचा प्रश्न स्वतःला विचारला. अडचण इंजिन आहे का? नाही, रबर आहे. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बुरेटरचं पॅकिंग मामांच्या मुलाकडून इथेनॉल सोसणारं घालून घेतलं, जेट थोडा मोठा केला. जीप फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवते.

मामांना द्यायचं राहिलं ते आता त्यांना पोचवता येत नाही. पण माझ्याकडं लोक विचारायला येतात. परवा भाचा आला, त्याला जिप्सीत डिझेल टाकायचं आहे. त्याच्या डोंगरातल्या कामाला ती रोज लागते, ओझंही असतं. त्याचं उत्तर कदाचित डिझेलच येईल, परवानगी मिळाली तर. मी त्याला माझ्या जीपची गोष्ट सांगून अडवलं नाही. वहीचं कोरं पान काढून दिलं आणि मापं घ्यायला गाडी मामांच्या शेडवर लावायला सांगितली. मामांचा मुलगा आणि तो दोघं मिळून आधी मोजतील, मग ठरवतील. त्यातून काम निघालं तर ते मामांच्या शेडला मिळेल, आणि नाही निघालं तर त्या मापांच्या वेळेचे पैसे मी देणार आहे. मुलानं नको म्हटलं, तरी या वेळी मी ऐकणार नाही.